अळीपासून आरंभ : वैरागच्या परसातून फुलपाखरांचा एक इतिहास

आमच्या वैरागच्या घराच्या परसात कागदी लिंबाचे एक झाड आहे. मृगाचे दोन-चार पाऊस होऊन त्याला कोवळी पालवी फुटली की काळ्या अंगावर पिवळट ठिपके असलेले एक फुलपाखरू त्याच्याभोवती घिरट्या घालू लागते. झाडाला फूल नसले तरी ते येते. पानावर क्षणभर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते, पोट वाकवते आणि निघून जाते. मागे उरतो खसखशीच्या दाण्याएवढा एक फिकट पिवळा मणी. काही वर्षांपूर्वी अशा मण्यांतून बाहेर पडलेल्या अळ्या आम्ही पानांसकट एका रुंद तोंडाच्या बरणीत ठेवल्या, तोंडाला जुन्या धोतराचे फडके बांधले आणि रोज ताजी पाने घालण्याचा नेम धरला. शेजारचे एक बागाईतदार गृहस्थ हा प्रकार पाहून कुंपणाशी थबकले.

"सर, अळ्या पाळताय व्हय?" त्यांनी विचारले. आम्ही होय म्हणालो. "मग आमच्या डाळिंबात चला की. पाटी भरून देतो." आणि जाता जाता म्हणाले, "फुलपाखरं बघायची तर फुलं लावा. अळ्या कशाला?"

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही, आणि तो केवळ बागकामाचाही नाही. आम्ही साहित्य शिकवण्यात आयुष्य घालवलेली माणसे, त्यामुळे त्याचा पाठपुरावा आम्ही आधी पुस्तकांतच केला. तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. मराठी साहित्यात फुलपाखराला जागा मिळाली ती अळीला वगळून, आणि शेतीच्या बोलीत अळीला जागा मिळाली ती फुलपाखराला वगळून. या दोहोंची गाठ घालण्याचे काम आपल्या प्रदेशात झाले खरे, परंतु ते निराळ्याच भाषेत झाले. प्रस्तुत लेख त्या गाठीविषयी आहे.

जुन्या मराठी वाङ्मयात कीटकांची वाण नाही. भ्रमर आहे, मधमाशी आहे, दिव्यावर झडप घालणारा पतंग आहे. ज्ञानेश्वरीत कोशकीटक येतो तो स्वतःभोवती स्वतःच तुरुंग विणणारा, म्हणजे आपणच आपला वैरी झालेल्या जीवाचा दृष्टांत म्हणून. एकनाथांनी १५७३ साली वाराणसीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांत पतंग आहे, मधमाशी आहे, कोळी आहे आणि अखेरीस भृंगी आहे. फुलपाखरू मात्र नाही. दृष्टांताला उपयोगी पडेल असा कोणताही गुण त्याच्या अंगी कोणाला दिसला नसावा. ते जळून मरत नाही, मध साठवत नाही, जाळे विणत नाही. संतकवी दृष्टांत शोधीत होते आणि त्यांचे ते शोधणे योग्यच होते; आम्ही येथे त्यांच्याकडून कीटकशास्त्राची अपेक्षा करीत नाही.

तथापि भृंगीपाशी थोडे थांबावयास हवे. कुंभारमाशी अळीला मातीच्या घरात कोंडते, भयाने ती अळी सतत माशीचेच ध्यान करते आणि अखेर माशीच होऊन बाहेर पडते, असा हा न्याय आहे. ध्यानाने तद्रूपता कशी येते हे सांगण्यासाठी तो शतकानुशतके वापरला गेला. घडते ते असे : माशी अळीला दंश करून लुळी करते, मातीच्या कोठीत तिच्याजवळ अंडे घालते, आणि त्या अंड्यातून निघालेले पिल्लू अळी खाऊन वाढते. बाहेर येते ती माशीचीच लेक. दृष्टांत रचणाऱ्याने पाहिले ते बरोबर होते. आत अळी गेली आणि बाहेर माशी आली, यात खोटे काहीच नाही. मधला काळ मात्र मातीच्या भिंतीआड होता. आमच्या बरणीत पहिल्या वर्षी पाच कोश झाले. चारांतून फुलपाखरे निघाली. पाचवा काळवंडला, त्याला टाचणीच्या टोकाएवढे भोक पडले आणि त्यातून चिलटासारख्या कित्येक बारीक गांधीलमाश्या बाहेर आल्या. या कुंभारमाश्या नव्हेत; कोशाच्या आतच अंडी घालणारी ही निराळी जात. परंतु फडक्याखाली त्या फिरताना पाहून आम्हांस प्रथम आठवला तो अवधूताचा चोविसावा गुरूच.

मधला काळ उघड्यावर आणण्याचे काम युरोपात ज्यांनी केले त्यांत एक स्त्री अग्रभागी आहे. मारिया सिबिला मेरियन तेराव्या वर्षापासून रेशमाचे किडे पाळीत होती. तिने १६७९ साली अळ्यांवरचे आपले पहिले पुस्तक काढले आणि सुरिनाममधील वास्तव्यानंतर १७०५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये आपला प्रसिद्ध चित्रग्रंथ प्रसिद्ध केला. अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू ही सर्व ती एकाच पानावर, ज्या झाडावर अळी वाढते त्याच झाडावर रंगवी. फुलपाखराला त्याचे झाड जोडून दाखवणे ही कल्पना आज शाळकरी वाटते. तिच्या काळी किडे चिखलातून आपोआप उपजतात असे मानणारी शहाणी माणसे पुष्कळ होती.

आपल्याकडे हे झाड जोडण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले ते मुंबई इलाख्यात, आणि त्याचा एक धागा साताऱ्याला पोचतो. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा १८५१ साली साताऱ्यास जन्मला. वडील स्कॉटिश मिशनरी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्याने काही वर्षे लॅटिन शिकवले आणि पुढे मीठ व जकात खात्यात नोकरी केली. 'ईएचए' या आद्याक्षरांनी तो लिहीत असे. १८८३ साली त्याचे 'द ट्राइब्ज ऑन माय फ्रंटियर' हे पुस्तक निघाले. बंगल्याच्या आवारातील उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक हे जणू सरहद्दीवरील टोळ्याच, असा त्यातला विनोद आहे. तो विनोद साम्राज्याच्या मस्तीतून आलेला आहे हे आज वाचताना टोचते, आणि ते टोचलेच पाहिजे. पण त्याच पुस्तकात फुलपाखरावर लागोपाठ दोन प्रकरणे आहेत : एकाच्या मथळ्यात त्याची शिकार आहे, दुसऱ्याच्या मथळ्यात त्याचे चिंतन. जाळे घेऊन धावणाऱ्या माणसाने नंतर जाळे खाली ठेवून बसावे, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. संस्थापक आठ, त्यांत एटकेन होता, पतंग-फुलपाखरांचा अभ्यासक कर्नल स्विन्हो होता, आणि दोन आपली माणसे होती. डॉ. सखाराम अर्जुन हे औषधी वनस्पतींचे जाणकार. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून सामाजिक इतिहासाच्या वाचकांना ते परिचित असतात. दुसरे डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक आणि मराठीचे आद्य व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांचे बंधू. एका भावाने १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि दुसरा निसर्गनिरीक्षकांच्या पहिल्या बैठकीत बसला. दोन्ही कामे एकाच घरातली. पण त्यांची भेट झाली नाही. सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले ते इंग्रजीत, आणि कोणती अळी कोणत्या झाडावर वाढते हे ज्ञान तेव्हापासून त्या भाषेत साठत गेले.

साठले ते विलक्षण तपशिलाने. कारवारच्या बाजूला तीन सरकारी अंमलदार एकत्र आले : मुलकी खात्यातला जेम्स डेव्हिडसन, जंगलखात्यातला टी. आर. बेल आणि जकातीतला एटकेन. अंडी शोधावी, अळ्या घरी आणाव्या, कोशातून काय निघते याची वाट पाहावी, असा त्यांचा उद्योग. उत्तर कानड्यातील फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला १८९६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात आली. बेलने पुढे १९०९ ते १९२७ या काळात मैदानी प्रदेशातील सामान्य फुलपाखरांवर दीर्घ माला लिहिली आणि अखेरपर्यंत तो कारवारातच राहिला. 'सामान्य' हा शब्द आम्हांस मोलाचा वाटतो. दुर्मिळाच्या मागे धावणारे त्या काळी पुष्कळ होते. सामान्य फुलपाखराची अळी काय खाते, कोश कसा टांगते, हे पानेच्या पाने लिहिण्याला निराळ्या जातीची चिकाटी लागते.

आता नावांविषयी, कारण आमच्यासारख्यांना तिथे अधिक गोडी. लिंबावर येणाऱ्या त्या फुलपाखराचे शास्त्रीय नाव पॅपिलिओ डेमोलियस. डेमोलियस हा व्हर्जिलच्या महाकाव्यातला एक ग्रीक योद्धा. स्वीडनच्या लिनिअसने १७५८ साली फुलपाखरांना नावे देताना होमर-व्हर्जिलची सगळी फौजच कामाला लावली. मोठ्या फुलपाखरांतली काही त्याने ट्रोजन ठरवली, काही ग्रीक. आमच्या भागातल्या काळ्या रानात बांधाच्या कडेला किडामारी नावाची एक जमिनीलगत पसरणारी, उग्र वासाची वनस्पती असते. जंतावर औषध म्हणून तिची ख्याती, नावच तसे. या किडामारीवर ज्या अळ्या आनंदाने वाढतात त्यांतली एक पुढे काळ्या पंखांचे, लाल अंगाचे, लाल ठिपक्यांचे फुलपाखरू होते. लिनिअसने त्याला नाव दिले हेक्टर. किडे मारणाऱ्या झाडावर किडा वाढतो आणि सोलापूर जिल्ह्याच्या बांधावरून ट्रॉयचा राजपुत्र उडत जातो. हे जुळवून आणायला कादंबरीकार धजावला नसता.

किडामारीचे विष या अळीला बाधत नाही. ती ते अंगात साठवते, म्हणून पक्षी या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. याचा फायदा आणखी एकजण घेतो. परसातल्या कढीपत्त्यावर वाढणारे पॅपिलिओ पॉलिटिस हे काळे फुलपाखरू विषारी नाही. पण त्याच्या काही माद्या या लाल अंगाच्या विषारी फुलपाखरांसारखा वेश घेतात. एकाच जातीच्या माद्या इतक्या निराळ्या कशा, हे कोडे वॉलेसने १८६५ सालीच मांडले होते. पुण्याचे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिले की हा वेशपालट 'डबलसेक्स' या एकाच जनुकाच्या हाती आहे. कुंटे यांचे दक्षिण भारतातील फुलपाखरांवरचे पुस्तक २००० साली निघाले, तेही इंग्रजीतच. असो. रोजच्या फोडणीसाठी पाने तोडताना हे सर्व हाताखालून जात असते, एवढेच सांगावयाचे.

परसात फुलपाखरे यावीत अशी इच्छा असणाऱ्याने काय करावे, हे आता निराळे सांगण्याची फारशी गरज नाही. झेंडू लावावा, कॉसमॉस लावावा. एकदांडीचे तण सगळे उपटू नये, कारण तिच्या टिचभर फुलावर लहान फुलपाखरांची रांग लागते. घाणेरीवर ती तुटून पडतात, पण अमेरिकेतून आलेल्या या झुडपाने आमच्या माळांचे जे केले आहे ते पाहता तिला आवारात आणण्याची शिफारस आमच्याने होत नाही. नळाखालची एखादी जागा ओली राहू द्यावी. नरांची तेथे चिखल शोषण्यासाठी गर्दी होते, त्यांना मातीतले क्षार हवे असतात. पण फूल आणि पाणी हा पाहुणचार झाला. पाहुणा राहावा असे वाटत असेल तर पाने द्यावी लागतात.

आणि वैरागसारख्या कमी पावसाच्या मुलखात ही पाने देणारी झाडे बहुतेक अशी आहेत की ज्यांना कोणी बागेतले झाड म्हणणार नाही. उकिरड्याकडेची रुई घ्या. शनिवारी मारुतीला तिच्या पानांची माळ जाते, एरवी तिला कोणी विचारीत नाही. पट्ट्यापट्ट्यांची, काळी शिंगे मिरवणारी अळी तिच्यावर वाढते आणि तिचे पुढे जे नारिंगी फुलपाखरू होते त्याला आपल्याकडील निरीक्षक 'बिबळ्या कडवा' म्हणतात. रुईच्या चिकाचा कडवटपणा त्या नावात उतरला आहे. नाव ठेवणाऱ्याला झाड ठाऊक होते. घोळ ही पावसाळ्यात पिकात उगवणारी भाजी. तिच्यावर जी अळी वाढते तिची मादी मोठेपणी त्याच बिबळ्या कडव्याचे सोंग घेऊन हिंडते, नर मात्र काळा, पांढऱ्या टिकल्यांचा. एरंडावर एक, पानफुटीवर एक, सीताफळावर एक. माळावरच्या तरवडावर फिकट पिवळी-पांढरी भटकी फुलपाखरे. सोलापूरकडे जाताना नान्नजच्या माळढोक अभयारण्यापाशी रस्त्याकडेला तरवड फुललेला दिसतो, तेव्हा एस.टी.च्या खिडकीतूनही ती ओळखता येतात. खुळखुळ्याची सुकी शेंग किंवा डहाळी कुंपणाला अडकवून ठेवली तर बिबळ्या कडव्याचे नर तिला येऊन बिलगतात. तिच्यातली कडू द्रव्ये त्यांना मादीला रिझवणाऱ्या गंधासाठी लागतात.

या यादीतले निम्मे आम्ही स्वतः पूर्वी खुरप्याने काढून टाकत होतो.

शेजाऱ्यांच्या डाळिंबाकडे वळणे आता टाळता येत नाही. सोलापूर जिल्हा डाळिंबाचा आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ साली सोलापूरजवळ केगाव येथे स्थापन झाले. या पिकाच्या मोठ्या शत्रूंपैकी एक म्हणजे फळ पोखरणारी अळी, शेतकरी जिला सुरसा म्हणतात. ही सुरसा एका फुलपाखराची लेक आहे. फॅब्रिशियसने १७९३ साली त्याला अथेन्सच्या वक्त्याचे, आयसॉक्रेटिसचे, नाव दिले. मादी कळीवर किंवा कोवळ्या फळावर अंडे घालते, अळी आत शिरते आणि दाणे खाते. पोखरलेले फळ गळून पडू नये म्हणून ती बाहेर येऊन देठ रेशमी धाग्याने फांदीला बांधून ठेवते. निरीक्षक म्हणून हे वाचताना मन थक्क होते. कर्ज काढून बाग लावलेल्या माणसासमोर ते थक्क होणे बोलून दाखवण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही. फवारणीचा पंप पाठीवर घेतलेल्या माणसाला काव्य सांगू नये. तुरीच्या आणि घेवड्याच्या शेंगांतही अशीच एक निळसर फुलपाखराची अळी असते. म्हणजे अळीशी वैर हे आमच्या मुलखात अज्ञानातून आलेले नाही, हिशेबातून आलेले आहे.

साहित्याचे तसे नाही. ग. ह. पाटील यांची फुलपाखरावरची बालकविता पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत आहे आणि तिचे लाघव आम्ही नाकारीत नाही. पण त्या कवितेनंतर मराठीत फुलपाखरू जे मुलांच्या पानावर जाऊन बसले ते तिथेच राहिले. मोठ्यांच्या लेखनात ते आले तर चंचलतेची उपमा म्हणून. पक्ष्यांच्या बाबतीत असे झाले नाही, याचे श्रेय थोडेबहुत आमच्याच जिल्ह्याला आहे. सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या मारुती चितमपल्ली यांनी वनखात्याच्या नोकरीत आदिवासींच्या तोंडून पक्ष्यांची नावे गोळा केली, पक्षिकोश रचला, आणि २००६ साली सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२५च्या जूनमध्ये सोलापुरातच त्यांचे निधन झाले. पक्ष्याला मराठी नाव असते ही गोष्ट त्यांनी वाचकाच्या मनात रुजवली. फुलपाखराच्या वाट्याला 'फुलपाखरू' आणि 'पाकोळी' एवढीच दोन नावे होती, आणि पाकोळी तर एका पक्ष्याबरोबर वाटून घ्यावी लागते.

महाराष्ट्राने २०१५ साली 'ब्ल्यू मॉर्मन'ला राज्य-फुलपाखराचा मान दिला. असे करणारे ते देशातले पहिले राज्य. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांच्या मराठी नामकरणाचा उपक्रम केला आणि ब्ल्यू मॉर्मन 'नीलवंत' झाले. नाव देखणे आहे. परंतु नीलवंत हे सह्याद्रीच्या ओल्या झाडीतले फुलपाखरू. वैरागच्या परसात त्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. आम्हांस या नव्या नावांपैकी ती अधिक भावतात ज्यांत झाड किंवा चव शिल्लक आहे. 'बिबळ्या कडवा' ऐकणारा शेतकरी विचारतो, कडवा का? आणि तिथून रुईची गोष्ट सांगता येते. ठाण्याजवळ ओवळ्यास राजेंद्र ओवळेकर यांनी आपल्या घरच्या वाडीचे फुलपाखरांच्या बागेत रूपांतर केले, तेही अळ्यांची झाडे लावूनच. तिथे शंभराहून अधिक जातींची नोंद झाली आहे. आमच्या परसात इतक्या वर्षांत एकवीस. पाऊस आणि मुलूख पाहता आम्ही त्यावर समाधानी आहोत.

गेल्या हस्तात शेजारचे ते गृहस्थ सकाळीच कागदात काहीतरी गुंडाळून घेऊन आले. एक पोखरलेले डाळिंब होते, बाजूला भोक पडलेले. "सर, तुमच्या बरणीत टाका. आतनं काय निघतंय ते बघू तर द्या एकदा." आम्ही ते ठेवले. त्यानंतर ते रोज फवारणीला जाताना कुंपणाशी थांबून विचारीत. दोन आठवड्यांनी एका सकाळी फडक्याला आतून चिकटून एक लहानसे, जांभळट झाक असलेले फुलपाखरू बसले होते. आम्ही त्यांना हाक मारली. पंप पाठीवरच ठेवून ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांनीच फडक्याची गाठ सोडली.

"गेलं बघा," ते म्हणाले, "आमच्याच बागंकडं."